जोत्याखालची ओल



ओलावा हा आम्हा कवींचा लाडका शब्द. नात्यात ओलावा, मातीत ओलावा, डोळ्यांत तर असतोच. तीस वर्षं कविता लिहिताना हा शब्द मी किती वेळा वापरला, त्याची मोजदाद नाही. आज मात्र मी ओलीच्या विरुद्ध बोलायला आलो आहे. घराला आपण मागच्या बाजूला एखादी खोली जोडतो, तेव्हा तिच्या फरशीखाली काय असतं, आणि ते कोरडं कसं ठेवायचं, एवढाच आजचा विषय. विषय गवंड्याचा आणि बोलणारा बी.ए. झालेला, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

पोटासाठी मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीचं स्टोअर सांभाळतो. 'पंचतारांकित' म्हटलं की परगावचे पाहुणे हॉटेल समजतात आणि माझ्याकडे जरा आदरानं बघतात. मी त्यांचा गैरसमज लगेच दूर करत नाही. एकेकाळचा हा माळ. आता कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत वसाहत पसरली आहे. कुठं डिझेल इंजिनं बनतात, कुठं शर्टांचं कापड विणलं जातं, आणि आमच्यासारख्यांकडे लोखंडाचा रस ओतला जातो.

फौंड्रीत ओल म्हणजे मरण. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. वितळलेलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. त्यात पाण्याचा थेंब सापडला तर त्याची क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ होताना ती सुमारे १,६०० पट जागा मागते. ती जागा मिळाली नाही की रस उसळतो, माणसं भाजतात. म्हणून पावसाळ्यात भंगार झाकून ठेवायचं, भट्टीत टाकण्याआधी ते कोरडं आहे का बघायचं. रस ज्या लॅडलमधून नेतात, तिचं आतलं अस्तर आधी तापवून वाळवायचं, मगच तिच्यात रस घ्यायचा. बेंटोनाईटची पोती कधीही थेट फरशीवर ठेवायची नाहीत. लाकडी पॅलेटवर, जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून हातभर लांब. नवा पोरगा कामावर आला की पहिल्याच दिवशी मी त्याला हे सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं पोतं खाली टेकवलेलं दिसलं की चार शब्द जास्त सांगतो.

या माणसानं स्वतःच्या आईला कुठं झोपवलं, ते आता ऐका.

आमचं घर गावठाणात आहे. पुढं सोपा, मधलं घर, वर माडी, मागं परडं. आजोबांनी बांधलेलं जोतं काळ्या दगडाचं, कमरेएवढं उंच. लहानपणी त्यावरून उड्या मारताना गुडघे फुटायचे, तेव्हा वाटायचं, कशाला एवढं उंच बांधलं असेल? अम्मा माडीवर झोपायची. पुढं तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. शस्त्रक्रिया झाली, पण जिन्याची भीती बसली. जिना तसा उभाच, शिडीचा थोरला भाऊ. म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात परड्यात तिच्यासाठी खोली काढली. दहा बाय बारा. स्लॅबची, मोठी खिडकी, खाली चकचकीत टाईल्स. मी हौसेनं दारावर निळा रंग दिला.

जिथं खोली काढली तिथं पूर्वी गोठा होता. पन्नास वर्षं म्हशी बांधलेल्या. गवंडी कुदळ मारता मारताच म्हणाला होता, "भाई, ही गोठ्याची माती हाय. दोन फूट काढून टाकूया आणि मुरूम भरूया. जोतं बी जरा उचलून घेऊ." मी हिशेब केला. माती काढणं, ती टाकायला ट्रॅक्टर, मुरमाच्या खेपा, जोत्याला जादा दगड. शिवाय जोतं उचललं की अम्माला दारात पायरी लागणार, आणि पायरी नको म्हणूनच तर खोली. मी म्हणालो, राहू दे, आहे त्यावर कोबा टाक. तो दोनदा बोलला, तिसऱ्यांदा बोलला नाही. चूक त्याची नव्हे, माझी. स्टोअरमध्ये सहा इंचांसाठी भांडणाऱ्या माणसानं आईची खोली अंगणाच्या पातळीवर आणून ठेवली.

गोठ्याच्या मातीत काय असतं, तर वर्षानुवर्षं मुरलेलं मूत आणि त्यातले क्षार. हे क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढतात, पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, त्यांचे खडे फुगतात आणि गिलाव्याचे पोपडे पडतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. बंदूक भरण्याच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी असल्याच मातीतून काढत. म्हणजे माझ्या आईच्या उशाशी मी दारूगोळ्याचं कोठारच बांधलं होतं म्हणा.

पहिला पावसाळा बरा गेला. नवं बांधकाम, थोडी ओल असायचीच, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. तक्रार पहिल्यांदा केली ती अम्मानं. दिवसातून पाच वेळा ज्याचं कपाळ जमिनीला टेकतं, त्याला जमिनीचा वास आधी कळतो. ती म्हणाली, जानमाजला कुबट वास येतोय. मी जानमाज उन्हात टाकली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग खाटेखालच्या ट्रंकेतल्या वाकळीला बुरशी धरली. भिंतीला खालून वीतभर पांढरी नक्षी उमटली. सुनेनं फिनेलनं पुसून काढलं, मी उदबत्ती लावली. माणूस वासावर वास चढवतो आणि समजतो की काम झालं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्याच फुगल्या. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, कोल्हापूर बेट झालं. आमच्या दारात पाणी आलं नाही. आम्ही शुक्र मानला. पण दारातून न आलेलं पाणी जमिनीखालून आलं. परड्यातली विहीर हातानं तांब्या बुडवता येईल इतकी भरली, आणि अम्माच्या खोलीत टाईलच्या सांध्यांतून पाणी पाझरू लागलं. त्या महिन्यात तिला खोकला लागला तो दिवाळीपर्यंत हटला नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं, आणि उठता उठता विचारलं, "खोली ओली आहे का?" मी हो म्हणालो. औषधाची चिठ्ठी हातात घेताना मला त्यांच्याकडे बघवेना.

इथं माझा भाचा गोष्टीत येतो. धाकट्या बहिणीचा मुलगा, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात नोकरीला आहे. नानीची तब्येत विचारायला त्यानं फोन केला आणि मी सगळी हकिकत सांगितली. तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "मामू, मी पण त्याच भानगडीत आहे." त्याचे आई-वडील सहा महिने राहायला जाणार होते, म्हणून त्यानंही घराला तळमजल्यावर एक खोली जोडायला काढली होती. सात समुद्र ओलांडून तीच कथा. आईसाठी खोली, आणि खोलीखाली ओल.

तिकडची बांधणी वेगळी. त्या भागात पुष्कळ घरं जमिनीवर बसत नाहीत. चहूबाजूंनी दोन-तीन फुटांची भिंत उभारतात आणि तिच्यावर लाकडी तुळया टाकून फरशी करतात. मधे पोकळी राहते, माणूस रांगत जाऊ शकेल एवढी. पाण्याचे पाईप, गरम-गार हवेच्या नळ्या सगळं त्या पोकळीतून जातं. आपल्या पॅलेटचंच मोठं रूप. या पोकळीला बाहेरच्या भिंतीत झरोके ठेवायचे, म्हणजे वारा खेळेल आणि ओल निघून जाईल, असा तिकडे फार दिवसांचा शिरस्ता. ऐकायला किती पटतं! आपणही ओल दिसली की खिडकी उघडतो.

गोम अशी की उन्हाळ्यात तिकडची हवाच ओली असते. बाहेर दमट उकाडा, आणि फरशीखालची जागा सावलीतली, गार. झरोक्यातून आलेली दमट हवा त्या गार लाकडाला, गार नळ्यांना लागते आणि तिचं पाणी होतं. थंड पाण्याचा तांब्या भरून ठेवला की बाहेरून घाम येतो, तसंच. वाळवायला बोलावलेला वाराच पाणी आणून ओततो. मग तुळयांना बुरशी, लाकूड कुजणं, वाळवी.

भाच्यानं मला प्रिन्सव्हिल नावाच्या गावाची हकिकत सांगितली. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेलं हे गाव. १८८५ मध्ये त्याला रीतसर दर्जा मिळाला. टार नदीच्या काठचं, त्यामुळे पूर पाचवीला पुजलेला. १९९९ मध्ये फ्लॉइड वादळात सबंध गाव बुडालं. पुढं त्याच गावातली १२ घरं घेऊन 'अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी' या संस्थेनं प्रयोग केला. काही घरांखालचे झरोके उघडे ठेवले, काहींचे बंद केले. बंद केलेल्या जागा उन्हाळ्यात कितीतरी कोरड्या राहिल्या, आणि त्या घरांचा गरम-गार करण्याचा खर्चही सरासरी १५ टक्के किंवा त्याहून जास्त कमी आला. पूरग्रस्तांच्या गावानं जगाला फरशीखालची अक्कल शिकवावी, याचं मला फार अप्रूप वाटलं. आपल्याकडे पूरग्रस्त म्हटलं की ब्लँकेट वाटपाचे फोटो तेवढे डोळ्यांपुढं येतात.

तर भाच्यानं काय केलं? जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं. दोन पट्ट्या सहा इंच एकमेकींवर घेतल्या, सांधे चिकटपट्टीनं बंद केले, कडा भिंतीवर सहा इंच चढवून पक्क्या केल्या. झरोके ठेवलेच नाहीत. हिवाळ्यात तिकडे पाणी गोठतं, म्हणून पोकळीच्या भिंतींना आतून थर्मोकोलसारखे जाड, पण आगीला दाद न देणारे तक्ते लावले. नवल म्हणजे वर तीन इंचांची पट्टी मुद्दाम उघडी सोडली. का, तर वाळवी चढू लागली तर ती दिसावी म्हणून. मग घरातली कोरडी हवा थोडी थोडी त्या पोकळीत सोडायची. नियम असा, की दर ५० चौरस फुटांना मिनिटाला एक घनफूट. म्हणजे ती पोकळी अंगणाची न राहता घराचीच एक खोली होते. फक्त तिच्यात कुणी राहत नाही.

त्याच्या कामातली सगळ्यात नाजूक जागा सांध्याची होती. जुन्या घराखाली झरोके उघडे, नव्या खोलीखाली बंद, आणि मधे जुन्या भिंतीला भगदाड, असं ठेवून चालत नाही. जुन्याची ओली हवा नव्यात शिरते. एक तर मधली भिंत हवाबंद करा, नाहीतर जुन्याचंही दुरुस्त करा. त्यानं दुसरं केलं. खर्च दुप्पट झाला. मला तो म्हणाला, "मामू, नवी खोली बांधली की जुन्या घराचे रोग कळतात."

हे ऐकताना मला पेव आठवलं. आपल्याकडे जुन्या गावांतून ज्वारी पेवात ठेवत. चांगली निचऱ्याची जागा बघून खड्डा घ्यायचा, आतून वाळवायचा, भिंतींना काडाचं अस्तर द्यायचं, धान्य भरून तोंड दगडानं आणि मातीनं लिंपून टाकायचं. झरोका नाही, काही नाही. वर आषाढ कोसळला तरी आत दाणा कोरडा. आणि उघडताना घाई करायची नाही, आधी दिवा सोडून बघायचा, कारण आतल्या हवेनं माणूस गुदमरतो. हवा बंद करून जमिनीखाली कोरडं ठेवणं आपल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. आणखी एक ठाऊक होतं. गाव वसवायचं ते पांढरीत आणि पिकवायचं ते काळीत. काळी माती पाणी धरते, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर घर बांधायचं नसतं, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळत होतं.

आता माझ्या दुरुस्तीकडे येतो. पहिला प्रश्न, ओल येते कुठून? खालून की हवेतून? दोन्हींची औषधं उलटी आहेत. याची परीक्षा अगदी सोपी आहे, आणि या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा. हातभर रुंद प्लास्टिकचा कागद घ्या, फरशीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा, आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या खालच्या अंगाला पाणी साचलं तर ओल जमिनीतून येते. वरच्या अंगाला दव आलं तर ती हवेतून येते. मी लावला. सकाळी कागदाच्या आत मोत्यांसारखे थेंब. कविता सुचावी असं दृश्य. मला घाम फुटला.

दिवाळीनंतर अम्माला मधल्या घरात हलवलं आणि दीड वर्षाची फरशी फोडली. त्याच गवंड्याला बोलावलं. तो एका शब्दानंही टोचून बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. गोठ्याची माती काढली. काळी, चिकट, नाकात जाणारी. त्या जागी मुरूम, थराथरानं, पाणी मारून धुम्मस करून. त्यावर दगडी सोलिंग. त्यावर खडी. दोन खड्यांमधली पोकळी मोठी असते, तिच्यातून पाणी वर चढू शकत नाही. मातीचे कण बारीक, म्हणून मातीतून ते चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. खडीवर वाळूचा पातळ हात, त्यावर जाड प्लास्टिक, सहा इंच एकावर एक, कडा भिंतीवर चढवून. भाच्यानं तिकडून व्हिडिओ कॉलवर उभं राहून हे करून घेतलं. गवंडी त्याला 'अमेरिकेचं साहेब' म्हणत होता. वर कोबा, कोब्यावर शहाबादी. जमीन आता पूर्वीपेक्षा फूटभर वर गेली, दारात पायऱ्या आल्याच. दोन केल्या, रुंद आणि बुटक्या, आणि बाजूला धरायला नळी बसवली. हेच २०१८ मध्ये करता आलं असतं. स्लॅबचं पाणी भिंतीच्या कडेला पडत होतं, ते पन्हाळीनं लांब नेलं.

एक गोष्ट मी भाच्याची ऐकली नाही. तो म्हणत होता, फरशीखाली थर्मोकोलचे तक्तेही घाला. मी म्हणालो, बाबा, तुझ्याकडे बर्फ पडतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापते तेव्हा खालच्या जमिनीचा गारवा हीच गरिबाची एसी. तुला जमिनीशी संबंधच तोडायचा आहे, मला फक्त तिच्या पाण्याशी. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "बरोबर आहे मामू."

पण पुढच्या जूनमध्ये फरशी पुन्हा ओली झाली! मृगाचा पाऊस पडून गेलेला, सकाळची वेळ, आणि शहाबादीवर पाय घसरेल इतका ओलसरपणा. माझं काळीज खाली गेलं. कागद लावला. या वेळी थेंब वरच्या अंगाला. खालून कोरडी ठणठणीत. म्हणजे हवेचं पाणी. हवा २८ अंशांची आणि तिच्यात ८५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २५ अंशांच्या कुठल्याही वस्तूवर तिचं दव पडतं. उन्हाळ्याचा जो गारवा मी हट्टानं राखला, त्याची ही किंमत. उपाय साधा. अशा सकाळी खिडक्या उघडायच्या नाहीत, बंद ठेवायच्या, पंखा लावायचा. दुपारी ऊन पडून हवा हलकी झाली की उघडायच्या. अम्माचा आयुष्यभराचा रिवाज उलटा, फजरच्या नमाजानंतर खिडकी उघडायची. ती अजून अधूनमधून उघडतेच. मी गुपचूप लावतो.

एमआयडीसीच्या भोवतालच्या गावांत सध्या अशा खोल्या भराभर निघताहेत. कारखान्यात काम करायला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून पोरं येतात, त्यांना जागा लागते. मग परड्यात, गोठ्यात, उसाच्या शेताच्या बांधावर चार विटांची भिंत, वर पत्रा, खाली एक इंचाचा कोबा. ज्या खोलीला भाडं येतं तिच्या जोत्यावर कोण पैसे घालतो? आमच्या मोल्डिंगवरचा एक पोरगा असल्याच खोलीत राहतो. थेट काळ्या मातीवर. दिवसभर तो आमच्यासाठी साच्याची वाळू मोजून मापून भिजवतो, तिच्यात टक्काभर ओल जास्त झाली तरी माल रिजेक्ट होतो, त्याला मशिनवर तपासून दाखवावं लागतं. आणि रात्री तो ज्या चटईवर झोपतो, तिच्याखालची ओल कुणी मोजलेली नाही. मागच्या पावसाळ्यात मी त्याला स्टोअरमधली मोडकी तीन पॅलेट दिली, साहेबांना विचारून. त्यानं त्यावर फळ्या ठोकून पलंग केला. त्याच्या घरमालकाला मी प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा करून दाखवली. तो म्हणाला, "बघूया दिवाळीनंतर." मीही २०१८ मध्ये अशाच सुरात बोललो होतो, म्हणून गप्प बसलो. पण यंदा दिवाळीनंतर मी पुन्हा जाणार आहे, गवंड्याला बरोबर घेऊन.

अम्माचा खोकला गेला. खोलीत ती परत राहायला आली तेव्हा मी मोठ्या थाटात तिला सगळं समजावलं, मुरूम, खडी, प्लास्टिक, प्रिन्सव्हिल. तिनं ऐकून घेतलं. मग भिंतीला धरून खाली बसली, तळहात उताणा करून बोटांची मागची बाजू फरशीला लावली, पोराचा ताप बघावा तशी. कोपऱ्यात लावली, खिडकीखाली लावली, खाटेच्या पायापाशी लावली. मग म्हणाली, "सुकी है," आणि मला जानमाज मागितली.